जोडावरचं डाळिंब

फोटो काढला तो पुरावा म्हणून. ताजिकिस्तानच्या राजधानीत, दुशान्बेत, रुदाकी रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत हस्तकलेच्या वस्तूंचं छोटं दुकान होतं. मार्चचा पहिला आठवडा, चिनार अजून उघडेबोडके, उन्हात ऊब आणि सावलीत बोचरा गारठा. लेक तिथे डॉक्टरकीचं शिकते. तिचं प्रॅक्टिकल होतं म्हणून मी एकटीच हिंडत होते. दुकानात डांबराच्या गोळ्यांचा आणि कोऱ्या सुती कापडाचा वास कोंडला होता. साठीला टेकलेल्या, डोक्याला मागे गाठ मारून रुमाल बांधलेल्या एका बाईने माझ्यापुढे भलीमोठी सूझनी उलगडली. सायीच्या रंगाचं कापड, त्यावर ताटाएवढी लाल वर्तुळं, भोवतीने काळपट हिरव्या पानांच्या वेली आणि मधूनमधून डाळिंबं. मी हरखलेच. पण लक्ष्मी रोडवर आईचं बोट धरून साड्या घ्यायला जाणारी मी. पदर उलटापालटा करून, उजेडात धरून, एक सुटलेला धागा शोधून दहा रुपये कमी करून घेणाऱ्या बायकांत वाढलेली. माझा हात आपोआप कापडावरून फिरला आणि थांबला. मधल्या जोडावर एक डाळिंब होतं. त्याचं डावं अर्धं वर आणि उजवं अर्धं बोटभर खाली! रंगही वेगळा, डावीकडचा लाल भडक, उजवीकडचा विटकरीकडे झुकलेला. मी त्यावर बोट ठेवून म्हटलं, “खराबी.” हिंदी सिनेमांमुळे तिथे चार शब्द कळतात. कॅल्क्युलेटर ओढून तिने सांगितलेल्या सोमोनींच्या निम्मा आकडा टाकला, आणि लेकीला दाखवायला म्हणून त्या जोडाचा जवळून एक फोटो काढला.

बाईने आकडा पाहिला. मग डाळिंबाच्या एका अर्ध्यावर बोट ठेवून म्हणाली, “मन.” दुसऱ्या अर्ध्यावर ठेवून म्हणाली, “खोहरम.” मला वाटलं, मनाबद्दल काही सांगतेय, मनापासून केलंय वगैरे, विकणारे सांगतात तसं. मी हसून मान हलवली आणि पुन्हा आकड्याकडे बोट केलं. तिने सूझनी जोडावरच दुमडली, मग आडवी, मग उभी, वरून तळहात फिरवला आणि फडताळात ठेवून दिली.

घासाघीस न करता वस्तू आत गेली, याचंच मला त्या दिवशी जास्त वाईट वाटलं.

लेक ज्यांच्या घरी भाड्याने राहते त्या बाईंना सगळे ‘खोला’ म्हणतात. म्हणजे मावशी. आपल्या कानाला खाला. ताजिक बोलीत आपल्या ओळखीच्या फारसी शब्दांचा आकार गोल होऊन ओकार होतो. दुकान तिथे दुकोन, बाजार बोझोर, अनार अनोर. पहिले दोन दिवस मला ती भाषा अगदी परकी वाटली आणि तिसऱ्या दिवसापासून ओळखीचे चेहरे दिसू लागले. कात्रीला त्या कैचीच म्हणतात. कारागिराच्या कसबाला हुनर म्हणतात, आपला हुन्नर. कारागीर उस्तो, आपला वस्ताद, आणि त्याच्या हाताखालचा शोगिर्द. भरतकामाला कशीदादोझी. कशिदा हा शब्द मी जन्मभर वापरला आणि तो कुठून आला याचा कधी विचार केला नाही.

खोलाच्या बैठकीच्या खोलीत कुरपाचा म्हणजे लांबट गाद्या भिंतीलगत अंथरलेल्या असत, मधे दस्तरखान, त्यावर नान, सुकी जर्दाळू, बदाम. हिरवा चहा किटलीतून पेल्यात, पेल्यातून परत किटलीत, असा तीनदा फिरवून मग ती पेला अर्धाच भरून हातात देई. अर्धा दिला की पाहुण्याला पुन्हा पुन्हा देता येतो. समोरच्या भिंतीवर तिच्या आईची सूझनी होती. त्या संध्याकाळी चहा पिताना मी ती नीट पाहिली आणि पेला हातात तसाच राहिला. तिथेही जोड होते, चार पट्ट्यांचे तीन. तिन्ही जोडांवर वेली थोड्या थोड्या मोडलेल्या, वर्तुळांच्या कडा पुढेमागे झालेल्या. एका जागी पान होतं पण त्याचा देठ पलीकडच्या पट्टीवर भलतीकडेच.

लेकीला मधे घालून मी विचारलं, दुकानातल्या प्रसंगाचं काही न सांगता, की हे असं का. खोलाला प्रश्नच कळेना. असंच असतं, म्हणाली. मग तिने भिंतीवरची चौकट बोटांनी हवेत उभी केली आणि सांगू लागली. घरच्या मागावर विणलेलं करबोस कापड अरुंद असतं, हात-दीड हातही नाही. मुलगी लहान असतानाच आई अशा चार-सहा पट्ट्या काढून ठेवते आणि कच्च्या टाक्यांनी एकमेकींना जोडते. मग गावातल्या कलमकशला बोलावतात. ती बहुधा वयस्कर बाई असते, बोरूने शाईत अख्खी नक्षी कापडावर उतरवते. वर्तुळं कुठे, वेल कुठून कुठे, सगळं तिच्या डोक्यात. तिला त्याबद्दल काहीतरी देतात. ती गेली की टाके उसवून पट्ट्या पुन्हा सुट्या करायच्या. एक आईकडे, एक मोठ्या बहिणीकडे, एक मावशीकडे, एक खुद्द मुलीकडे. जिला जसा वेळ मिळेल तसं ती आपली पट्टी भरते. कुणाचा हात घट्ट, कापड आकसतं. कुणाचा सैल. कुणाचा लाल धागा मंजिष्ठाच्या एका उकळीतला, कुणाचा दुसऱ्या. वर्षं जातात. लग्न ठरलं की सगळ्या पट्ट्या परत एका घरी येतात आणि जोडल्या जातात. आता त्या तंतोतंत कशा जुळतील? खोला म्हणाली, “चार बायकांची मापं कधी जुळलीत?” आणि माझ्या पेल्यात चहा ओतला.

मी लेकीकडे पाहिलं नाही.

‘सूझन’ म्हणजे सुई. सूझनी म्हणजे सुईचं काम. हे लेकीने सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा घंटी वाजली नाही, रात्री अंथरुणावर पडल्यावर वाजली. आजीच्या ट्रंकेत एक सुजनी होती. सांगलीकडच्या आमच्या घरी गोधड्या ढिगाने असत, जुन्या नऊवारींच्या, धोतरांच्या, बारीक धावदोऱ्याच्या. त्यांना कुणी विशेष नाव देत नसे. पण ही एक पांढरी, दुहेरी, मधे पातळ कापूस घालून बारीक टाके घातलेली. तिला आजी सुजनी म्हणायची. ती पाहुण्यांसाठी. जावई आला की निघायची आणि तो गेला की धुऊन परत ट्रंकेत. लहानपणी मला वाटे, सुजनी नावाच्या बाईने ती शिवली असेल. शब्दकोशात आहे तो शब्द, फारसीतून आलेला म्हणून. आजी शाळेची पायरी चढली नव्हती, आणि ताजिकांच्या घरात भिंतीवर टांगलेल्या वस्तूचं नाव ती सहज जिभेवर खेळवत होती. आजीच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक सुईने टोचून टोचून खरखरीत झालेलं होतं. ताप आला की ती माझ्या कपाळावरून हात फिरवायची तेव्हा ते बोट वेगळं कळायचं.

त्यानंतर तीन आठवडे मी त्या देशात जोड शोधत फिरले असं म्हणायला हरकत नाही.

दुशान्बेच्या राष्ट्रीय संग्रहालयात इस्कोदार गावचा मेहराब, म्हणजे मशिदीतला कमानीदार कोनाडा, आहे. आयनी जिल्ह्यातलं, वरच्या झरफशानच्या खोऱ्यातलं हे डोंगरी गाव. हजारेक वर्षांपूर्वीचं लाकूडकाम. तसूभर जागा मोकळी नाही. चांदण्या, वेली, अक्षरं, एकात एक गुंतलेल्या भूमिती. पण मी अडकले ती पंजाकेंतच्या जळक्या लाकडांपाशी. पंजाकेंत हे मध्य आशियातल्या प्राचीन सोग्दी लोकांचं शहर. ताजिक लोक सोग्दींना आपले पूर्वज मानतात. ७२२ साली अरबांच्या स्वारीत ते पेटलं आणि पुढे पन्नासेक वर्षांत ओस पडलं. घरांचे कोरीव खांब, लाकडी नर्तकी जळून कोळसा झाल्या, आणि कोळसा झाल्या म्हणूनच मातीखाली टिकल्या. साधं लाकूड कुजून गेलं असतं. कंबरेत वळलेली, हारांनी मढलेली ती आकृती पाहताना वेरूळ-अजिंठ्याच्या बायका डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाहीत. तिथली बरीच भित्तिचित्रं मात्र आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिताज संग्रहालयात आहेत. खोलाला याचं वाईट वाटतं. तिला त्याहून जास्त वाईट वाटतं ते समरकंद आणि बुखाऱ्याचं. १९२४ साली सोव्हिएत सरकारने रेषा आखल्या तेव्हा ताजिक बोलणारी ही दोन्ही शहरं उझबेकिस्तानात गेली आणि १९२९ मध्ये ताजिकिस्तान वेगळं प्रजासत्ताक झालं तेव्हाही तिकडेच राहिली. जगातल्या संग्रहालयांत ज्या सूझनींवर ‘बुखारा’, ‘समरकंद’ अशी चिठ्ठी असते, त्यातल्या कित्येक ताजिक घरांतल्या बायकांनी भरलेल्या आहेत. वस्तूवर गावाचं नाव लागतं, आणि गाव पुढे कुठल्या देशात जाईल ते भरणाऱ्या बाईच्या हातात नसतं.

एका शनिवार-रविवारी खोला आम्हाला तिच्या माहेरी, इस्तरवशानला घेऊन गेली. वाटेत अंझोब आणि शहरिस्तानचे पाच-पाच किलोमीटरचे बोगदे लागतात. पूर्वी हिवाळ्यात घाट बर्फाने बंद झाला की उत्तरेकडे जायला सरळ रस्ताच उरत नसे. लग्न होऊन दुशान्बेला आलेली खोला हिवाळाभर माहेराकडे डोळे लावून बसायची. इस्तरवशानच्या बाजारात सुऱ्या करणाऱ्यांची रांग आहे. शिंगाची मूठ, पात्याच्या बुंध्याशी बारीक कोरीव काम. एका भट्टीपाशी आम्ही बराच वेळ उभे राहिलो. म्हातारा उस्तो पातं तापवून पाण्यात बुडवी, चर्रर्र आवाज व्हायचा, मग तो ते डोळ्यांसमोर आडवं धरून एका डोळ्याने धार बघायचा. त्याचा शोगिर्द म्हणजे नातू, पंधरा-सोळा वर्षांचा, कानात इयरफोन. म्हाताऱ्याने न बोलता हात पुढे केला की पोरगं न बघता नेमकी कानस त्याच्या हातात ठेवायचं.

खोलाच्या भावाचं घर जुनं आहे. अंगणात तुतीचं झाड, ओसरीवर कोरीव खांब, आणि आत बैठकीच्या खोलीचं छत. मी मान वर करून उभी राहिले ती दुखेपर्यंत. जाड तुळया, त्यांना बोलोर म्हणतात, आणि दोन तुळयांच्या मधे अर्धगोल काठ्या ओळीने बसवलेल्या, त्या वस्सा. प्रत्येक काठी रंगवलेली. निळ्यावर लाल, लालवर पिवळं, फुलं, कळ्या, पुन्हा फुलं. खाली भिंतींत कोनाडे, आणि कोनाड्यांच्या कमानींवर गंचचं काम. गंच म्हणजे त्यांचं जिप्सम, भाजून दळलेलं. भिजवून भिंतीला लावतात आणि पुरतं आवळायच्या आत धारदार हत्याराने नक्षी कोरतात. घाई केली तर कडा ढासळतात, उशीर केला तर दगड होतो. फारसीत मूळ शब्द गच. आपल्याकडे तो चुन्याला चिकटला, चुनेगच्ची वाडा म्हणतो तो हाच, आणि घराच्या गच्चीवरही तोच चढून बसला. खोलाच्या भावाला मी हे सांगितलं तर तो दाराच्या चौकटीवर टिचकी मारून म्हणाला, “गंच!” आणि मी वर बोट करून म्हटलं, “गच्ची!” तेवढ्यावर आम्ही दोघं खूप हसलो. आमच्यात दुसरी कुठली भाषा नव्हती.

त्याच घरात मी सूझनी भरताना पाहिली. खोलाची भाचेसून खिडकीपाशी गुडघ्यावर पट्टी पसरून बसली होती. आधी ती एका पाकळीच्या लांबीएवढा लांब धागा टाकायची, मग त्याच धाग्याने परत येताना त्यावर आडवे बारीक टाके टाकून तो कापडाला बांधायची. पुढे जाताना अंतर कापायचं, परत येताना ते पक्कं करायचं. त्यामुळे पाकळी उजेडात एका बाजूने चमकते आणि दुसऱ्या बाजूने मंद होते, नांगरलेल्या रानासारखी. एक पाकळी व्हायला किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिलं. पंचवीस मिनिटं. भिंतीवरच्या सूझनीत अशा पाकळ्या किती आहेत ते मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं. रंगांचंही असंच. डाळिंबाची साल, अक्रोडाची टरफलं, मंजिष्ठाची मुळं हे सगळं तिथलं. नीळ मात्र हिंदुस्थानातून जायची. उंटांच्या पाठीवरून गेलेल्या निळीत बुखाऱ्याचे ज्यू रंगारी कोपरापर्यंत हात बुडवत, आणि गरम पाण्यातले लाल-पिवळे रंग ताजिक रंगारी करत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डब्यातले रासायनिक रंग आले आणि भडक जांभळे, गुलाबी झेंडे फडकू लागले. जुन्या सूझनीतले लाल आणि नव्यातले लाल शेजारी ठेवले तर पोरालाही फरक कळेल.

कोपऱ्यात एक फूल अर्धवट होतं. शाईची रेघ होती, धागा नव्हता. राहून गेलं असेल म्हणून मी बोट दाखवलं, पण यावेळी ‘खराबी’ म्हटलं नाही. भाचेसून म्हणाली, ते तसंच ठेवायचं. पूर्ण करणारा वर एकच, असं कुणी सांगतं. कुणी सांगतं, सगळं भरून टाकलं तर मुलीच्या वाट्याला पुढे काही उरत नाही.

या सगळ्याला मी सोन्याचा मुलामा देऊन सांगतेय, असं वाटू नये म्हणून हेही लिहिते. खोलाच्या आईची नजर पन्नाशीतच गेली. दिव्याच्या उजेडात भरायची. मुलीने किती सूझनी, किती रुईजो, उशीवर घालायचे किती बोलिनपुश आणले यावरून सासरी तिचं वजन ठरायचं. लग्नाच्या बिछान्यावर अंथरायचं ते रुईजो, तीन बाजूंना भरलेलं आणि मधे कोरं. ज्या मुलीला सुईचा कंटाळा होता तिचं काय होत असेल? खोला स्वतःच सांगते, मला आवडायचं नाही, आई मारायची. तिने पुढे नर्सचं शिक्षण घेतलं आणि वीस वर्षं सुई हातात घेतली नाही. १९९२ ते ९७ च्या यादवीत दुशान्बेत पिठाचे हाल झाले तेव्हा तिच्या आईच्या दोन सूझनींपैकी एक गेली, दोन पोती पिठाला. घेणारा दलाल घाईत होता, त्याने उलगडूनही पाहिली नाही. त्या सूझनीवर जोड कुठे होता, कुठल्या वेलीचा रंग कुठे बदलत होता, हे खोला आजही हाताने हवेत दाखवते. तिचा मुलगा आता मॉस्कोत बांधकामावर आहे. गल्लीतल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी रशियात आहे. पैसे तिकडून येतात, आणि इथे उरलेल्या बायकांपैकी काही पुन्हा सुई घेऊन बसल्या आहेत, आता हुंड्यासाठी नाही, विकण्यासाठी. सरकारनेही २०१८ हे वर्ष पर्यटन आणि लोककलांचं म्हणून पाळलं, आणि त्याच वर्षी कुलोबकडच्या चकन भरतकामाला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

नवरोझ जवळ आला तशी ती चकन रस्त्यावर उतरली. शाळेतल्या मुली, बँकेतल्या बाया, भाजी विकणारी आजी, सगळ्यांच्या अंगात लाल, पिवळे, हिरवे झगे, छातीवर आणि बाह्यांवर सूर्यासारखी फुलं. काहींच्या अंगावर अतलस, ढग पाण्यात हलावेत तशा रंगांचा. सुताला आधी बांधून रंगवायचं आणि मग विणायचं, त्याला ते अब्रबंदी म्हणतात, अब्र म्हणजे ढग. लेकीची एक मैत्रीण पामीरमधल्या खोरोगची. तिने मला जाड लोकरीचे गुडघ्यापर्यंतचे जुराब दिले, रंगीत चौकटींचे. ते मी पुण्यात घालणार कधी? पण तिच्या आईने विणलेले होते, नाही म्हणवलं नाही. चकनमध्ये मशीनवरचं पुष्कळ असतं हे दहा पावलांवरूनही कळतं. फुलं सगळी सारखी, मागची बाजूही तितकीच स्वच्छ. बाजारात मशीनच्या सूझनीही गठ्ठ्याने मिळतात. मला त्यांचा राग येत नाही, ज्याला जे परवडतं ते तो घेतो. एक गोष्ट मात्र हात लावून बघितली. त्यांना मधे जोडच नसतो. कापड आता रुंद मिळतं.

निघायच्या आदल्या रात्री सामान बांधत होतो. लेक माझ्या फोनमधले फोटो तिच्या फोनवर घेत होती. मेहराब, छत, उस्तो, तुतीचं झाड. मधेच थांबली.

“आई, हे काय? अर्धंच डाळिंब?”

मग मी सगळं सांगितलं. खोलाकडे चहा पिताना का गप्प झाले तेही. लेकीने ओरडावं अशी माझी इच्छा होती, पण ती ओरडली नाही. तिने विचारलं, “निम्मी किंमत टाकल्यावर त्या काय म्हणाल्या?”

“फारसं काही नाही. मनाबद्दल काहीतरी. बोट ठेवून म्हणाल्या, मन. मग दुसरीकडे बोट ठेवून, खोहरम की असंच काही.”

लेक फोन हातात धरून नुसती बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “आई, मन म्हणजे मी. आणि खोहरम म्हणजे माझी बहीण.”

स्वयंपाकघरात खोला सुमनकचं काही आवरत होती, गव्हाच्या मोडांचा गोडसर, करपट वास घरभर होता. रात्रभर बायका आळीपाळीने ते ढवळतात, हात बदलत राहतात. आम्ही दोघी पलंगावर बॅगेच्या दोन बाजूंना बसून होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या गल्लीत गेलो. नवरोझच्या सुट्ट्या लागल्या होत्या. दुकानाला कुलूप होतं, काचेच्या आत पडदा ओढलेला. शेजारच्या नानवाल्याने बोटांनी चार दिवस दाखवले. माझं विमान त्याच रात्रीचं होतं. लेक म्हणाली, उघडलं की मी येईन. ती गेलीही. दुकानात दुसरीच तरुण मुलगी होती, बाईंची सून असावी. त्या कुठेशा गावाला गेल्या होत्या, आणि तशा वर्णनाची सूझनी फडताळात नव्हती. विकली गेली की घरी नेली, ते त्या मुलीला ठाऊक नव्हतं.

आता माझ्याकडे आहे तो फोटो. गेले काही महिने तो मी इतक्यांदा मोठा करून पाहिला आहे की डाव्या अर्ध्यातले धागे मला ओळखू येतात. तो हात घट्ट आहे, आडवे टाके जवळजवळ. उजवा सैल, लांब टाक्यांचा, कुठे कुठे घाईचा. उजवीकडे दाणे सात आहेत आणि डावीकडे नऊ, कलमकशने काढले तेव्हा सारखेच असणार. मधे उभा जोड, पांढऱ्या दोऱ्याचा, त्यात मात्र एकही टाका वाकडा नाही. फोटोच्या खालच्या कडेला कापड ताणून धरलेला त्या बाईचा अंगठा आला आहे, आणि त्याच्या शेजारी तर्जनीचं टोक. त्या टोकावरची कातडी आजीच्या बोटासारखी खरखरीत, बारीक काळ्या टिंबांची. अंगठा नेमका जोडावर आहे, त्यावरून काही कळत नाही. ‘मन’ म्हणताना तिने बोट कुठल्या अर्ध्यावर ठेवलं होतं, हे मी आठवायचा खूप प्रयत्न करते. आठवत नाही. मी तेव्हा कॅल्क्युलेटरवरचा आकडा बघत होते.